पहिला धडा शेवटच्या खेळीचा

पटावरच्या शंका : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

या वेळच्या पत्रांत ओपनिंगबद्दलच, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरावीक खेळ्यांबद्दलच, जास्त विचारणा आहे. मी मुलांना आणि मोठ्यांना बुद्धिबळ शिकवते, स्पर्धांत पंच म्हणून उभी राहते, आणि ओपनिंगचं हे वेड दोन्हीकडे बघते. म्हणून पहिलं उत्तर जरा लांबलं आहे.

प्रश्न : वयाच्या ६१ व्या वर्षी बुद्धिबळ शिकायला घेतलं. मोहऱ्यांच्या चाली येतात. व्हिडिओ बघून दोन ओपनिंग पाठ केल्या, पार बाराव्या खेळीपर्यंत. पण समोरचा पाचव्याच खेळीला भलतंच काहीतरी खेळतो आणि मला पुढचं काही सुचत नाही. आणखी ओपनिंग पाठ कराव्यात का?
– नुकतेच निवृत्त झालेले वाचक

उत्तर : नका करू. केल्यात त्याही विसरलात तरी चालेल.

पटावरचे २९ मोहरे डब्यात टाका. तीनच राहू द्या : दोन राजे आणि एक पांढरं प्यादं. (पांढऱ्याच्या बाजूने बघता उभ्या रांगा डावीकडून ए ते एच, आडव्या खालून १ ते ८.) पांढरा राजा ई५ वर, त्याच्या मागे ई४ वर त्याचं प्यादं आणि काळा राजा ई७ वर. दोन्ही राजे समोरासमोर, मध्ये एकच घर. आता सांगा, डाव कोण जिंकेल? तुम्ही लगेच उत्तर दिलंत तर ते चूक आहे, कारण आधी विचारायला हवं की खेळी कुणाची आहे. काळ्याची असेल तर त्याला बाजूला व्हावंच लागतं. तो डी७ ला गेला की पांढरा राजा एफ६ ला घुसतो, काळा ई८ ला मागे आला तर हा ई६ घेतो, काळा डी८ ला सरकला की एफ७ गाठतो. आता प्याद्याच्या वाटेतली सगळी घरं पांढऱ्या राजाच्या ताब्यात आहेत. प्यादं निवांत चालत जाऊन वजीर होतं.

आणि खेळी पांढऱ्याची असेल तर? मोहरे तेच, घरं तीच, पण डाव बरोबरीत. पांढरा राजा डी५ ला गेला की काळा डी७ ला येऊन पुन्हा समोर उभा राहतो. प्यादं ई५ ला ढकललं की काळा ई७ ला, ई६ ला ढकललं की सरळ मागे ई८ ला. पांढरा राजा डी६, काळा डी८. प्यादं ई७ वर येऊन शह देतं, काळा ई८ वर. आता प्यादं राखायचं तर पांढऱ्या राजाला ई६ वर यावं लागतं, आणि तो आला की काळ्याला शह नाही आणि खेळायला एकही घर नाही. स्टेलमेट, म्हणजे बरोबरी. प्यादं सोडून दिलं तर ते मरतं, तरी बरोबरीच.

ही जागा दोन्ही बाजूंनी खेळून बघा, बोटांना सवय होईपर्यंत. राजांच्या या समोरासमोर उभं राहण्याला अपोझिशन म्हणतात. ते एकदा कळलं की पुढे मधल्या खेळात ‘मोहरे मारामारी करून संपवू का?’ हा प्रश्न आला की उत्तर तुमच्याकडे असतं, कारण मारामारीनंतर काय उरेल आणि ते जिंकता येईल की नाही हे तुम्हाला दिसतं. ओपनिंगमध्ये एक प्यादं मिळालं आणि ते घरी पोचवता आलं नाही, तर मिळवून काय केलंत? पाचव्या खेळीला तुम्ही अडता याचंही कारण हेच. पाठ केलेल्या खेळ्या कशासाठी आहेत हे ठाऊक नाही, म्हणून समोरच्याने रस्ता बदलला की तुमचा नकाशाच संपतो.

माझा क्रम असा असतो. आधी वजीर आणि राजा मिळून एकट्या राजावर मात. मग हत्ती आणि राजा मिळून मात. ही कुठूनही जास्तीत जास्त सोळा खेळ्यांत होते, पण पहिल्या दिवशी कुणालाच होत नाही. मग वरचं प्यादं. त्यानंतर एका बाजूला हत्ती-प्यादं आणि दुसऱ्या बाजूला नुसता हत्ती. इथे अठराव्या शतकातला फ्रेंच खेळाडू फिलिदोर याचा बचाव शिकाच. तुमचा राजा प्याद्याच्या वाटेत राहतो आणि समोरचा राजा नि प्यादं जिथवर आले आहेत त्याच्या पुढची आडवी रांग तुमचा हत्ती धरून ठेवतो. प्यादं त्या रांगेत शिरलं की हत्ती लगेच पटाच्या दुसऱ्या टोकाला पळतो आणि मागून शह देत राहतो, कारण आता त्या राजाला प्याद्याआड लपता येत नाही. हत्ती-प्याद्यांचे शेवट फार वेळा येतात, त्यामुळे इथली मेहनत वाया जात नाही.

ही माझ्या एकटीची तऱ्हा आहे असं समजू नका. कॅपाब्लांका १९२१ मध्ये जगज्जेता झाला. त्याच साली आलेल्या त्याच्या पुस्तकाची सुरुवात साध्या मातांपासून होते, ओपनिंगपासून नाही. तोवर ओपनिंगपुरतं एवढंच लक्षात ठेवा : मधलं प्यादं पुढे, घोडे-उंट बाहेर, किल्लेकोट (राजा आणि हत्ती यांची एकत्र चाल) लवकर आणि कारणाशिवाय एकच मोहरा दोनदा हलवायचा नाही.

प्रश्न : माझा मित्र मला दर वेळी चार खेळ्यांत हरवतो. उंट आणि वजीर आणतो आणि एफ७ वर मारतो. मी काय करू?
– इयत्ता पाचवी

उत्तर : आधी त्याला का जमतं ते बघ. तुझं एफ७ चं प्यादं सांभाळणारा फक्त तुझा राजा आहे, दुसरं कुणीच नाही. पटावर सगळ्यात कच्ची जागा तीच, म्हणून तो तिथेच येतो.

आता तो ई४ खेळला की तू ई५ खेळ. त्याने वजीर एच५ ला आणला तर घाबरून लगेच जी६ खेळू नकोस! तो ई५ चं प्यादं मारून शह देईल आणि त्याच वेळी कोपऱ्यातल्या तुझ्या एच८ च्या हत्तीवरही बसेल. त्याऐवजी घोडा सी६ ला आण. ई५ चं प्यादं राखलं गेलं. त्याने उंट सी४ ला आणला, आता खरा धोका आला. आता जी६ खेळ. वजीर पळून एफ३ ला जाईल आणि पुन्हा एफ७ कडे डोळे लावील. तू दुसरा घोडा एफ६ ला आण, वाट बंद. आता पटाकडे बघ. तुझे दोन घोडे बाहेर आहेत. त्याचा वजीर दोनदा हलला, एक उंट निघाला, बाकी सगळे घरीच झोपलेत. इथून पुढे डाव तुझ्या बाजूने झुकायला लागतो.

आणि हा डाव तूही त्याच्यावर खेळून बघ, एकदाच. रोज नको. चार खेळ्यांवर जगणाऱ्याला पाचवी खेळी कधी शिकायलाच मिळत नाही, हे तुझ्या मित्रालाही सांग.

प्रश्न : आमचे आजोबा म्हणतात, प्यादं नेहमी एकच घर चालतं, राजाला डावात एकदा घोड्यासारखी उडी मारता येते, आणि घोड्याच्या घरी पोचलेल्या प्याद्याचा घोडाच होतो, वजीर नाही. नातू क्लासमध्ये वेगळं शिकून आलाय. दोघांचं भांडण होतं. खरं कुणाचं?
– दोघांच्या मध्ये बसणारी सून

उत्तर : दोघांचं. तुमच्या सासऱ्यांनी नियम मनाने बनवलेले नाहीत, ते देशी बुद्धिबळ खेळतात. त्यात राजाला शह मिळाला नसेल तर एकदा घोड्याची चाल होती, प्यादं एकेक घरच चालायचं, आणि शेवटच्या रांगेत ज्या मोहऱ्याच्या घरी पोचेल त्याचंच रूप घ्यायचं. गावोगावी यात थोडाफार फरक होता, त्यामुळे दोन आजोबा एकत्र बसवलेत तर भांडण नक्की.

त्या खेळाला कमी लेखू नका. मीर सुलतान खान हे देशी नियमांवर वाढलेले खेळाडू. आंतरराष्ट्रीय नियम मोठेपणी शिकले, १९२९ मध्ये इंग्लंडला गेले आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकलं. १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा. हेस्टिंग्जच्या स्पर्धेत त्यांनी कॅपाब्लांकालाही हरवलं. ओपनिंगचं पुस्तकी ज्ञान त्यांच्याकडे फारसं नव्हतं. डाव शेवटाकडे गेला की मात्र त्यांना आवरणं अवघड. (पहिल्या पत्रातल्या वाचकांनी हे दोनदा वाचावं.) फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेने, २०२४ मध्ये त्यांना मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर किताब दिला.

राजाची उडी तर केवळ आपल्याकडचीच नाही. मध्ययुगीन युरोपातही राजाला अशी एक उडी होती, तिथे दोन घरांची. त्या उडीत पुढे हत्ती सामील झाला आणि आजचा किल्लेकोट तयार झाला. इटलीत तर एकोणिसाव्या शतकातही किल्लेकोटाचे स्वतःचे वेगळे नियम चालत. म्हणजे तुमच्या घरात आजोबा आणि नातू यांच्या मध्ये पटावर बसला आहे तो एकाच चालीचा शेकडो वर्षांचा प्रवास.

तोडगा सोपा आहे. स्पर्धेत फिडेचे नियम, घरी एक डाव आजोबांचा आणि एक नातवाचा. नातू देशी डाव हरेल, लिहून देते. प्याद्याची दोन घरांची चाल नसली की डाव हळू उघडतो आणि घाईच्या खेळ्या अंगाशी येतात.

प्रश्न : वजीर म्हणजे राजाचा सल्लागार. तो सगळ्यांत ताकदवान कसा? खरं तर राजा आणि हत्ती बलवान हवेत.
– इतिहास शिकवणारे एक वाचक

उत्तर : तुमची शंका अगदी रास्त आहे, कारण हजारएक वर्षं हा मोहरा सगळ्यांत दुबळ्यांत मोडत होता.

हा खेळ भारतात साधारण सहाव्या शतकाच्या सुमारास दिसू लागतो. नाव चतुरंग : हत्ती, घोडे, रथ, पायदळ अशी चार अंगांची सेना. आठ गुणिले आठ घरांचा अष्टापद नावाचा पट त्याआधीपासून होता, त्यावर काळी-पांढरी घरं नव्हती. बाणभट्टाने हर्षचरितात हर्षाच्या राज्यातल्या शांततेचं वर्णन करताना, चतुरंगाची रचना तिथे फक्त अष्टापदावरच दिसते असा श्लेष साधला आहे. म्हणजे सातव्या शतकात वाचकाला हा विनोद समजावून सांगावा लागत नव्हता. इथून खेळ इराणला गेला, तिथून अरबांकडे. शतरंज म्हणून तो पुढे युरोपात पोचला.

त्या खेळात मंत्री तिरपा एकच घर जायचा. तिरपा दोन घरं उडी मारणारा मोहरा म्हणजे तिथला हत्ती, आज जिथे आपला उंट उभा असतो तिथला. पूर्ण पटावर तो फक्त आठ घरं गाठू शके. घोडा, राजा आणि कोपऱ्यातला मोहरा यांच्या चाली मात्र आजच्यासारख्याच होत्या. डाव साहजिकच फार संथ. म्हणून बगदादचे खेळाडू बऱ्याचदा ठरावीक मांडणीपासून डाव सुरू झाला असं धरत. दहाव्या शतकातला अस-सूली हा त्यांच्यातला मोठा खेळाडू. त्याने मागे ठेवलेलं एक कोडं विसाव्या शतकात युरी अवेरबाख या ग्रँडमास्टरने सोडवलं. मोहरे मूठभर, आणि तरी हजार वर्षं!

बदल झाला तो १४७५ च्या आसपास, स्पेनमध्ये. व्हॅलेन्सियात त्या सुमाराला लिहिलेल्या एका काव्यात नव्या नियमांचा पूर्ण डाव आहे. मंत्र्याच्या जागी तोवर युरोपात राणी आली होती, आता तिला आजची लांब चाल मिळाली, आणि उंटाला अख्खी तिरपी रेघ. १४९७ मध्ये लुसेनाचं छापील पुस्तक आलं, त्यात जुना आणि नवा खेळ शेजारी शेजारी आहेत. मग थोड्याच काळात जुना खेळ युरोपात मागे पडला.

याने डावाचा स्वभाव पालटला. वरच्या पाचवीतल्या मुलाला छळणारी चार खेळ्यांची मात शतरंजात या रूपात शक्यच नव्हती, तिथे वजिराला एच५ पर्यंत पोचायलाच डाव अर्धा झाला असता. आणि प्याद्याची किंमत कुठल्या कुठे गेली. आधी प्यादं शेवटाला पोचलं तर एका घराचा लंगडा मंत्री मिळायचा, आता पटावरचा सगळ्यांत बलवान मोहरा मिळतो. प्यादं-राजाच्या शेवटांना धार आली ती यामुळे. त्या काळी हा बदल कुणी सुचवला, मंजूर कुणी केला, असं काही झालेलं नाही. लोक तसं खेळू लागले आणि ते जास्त रंगलं, एवढंच. फिडे स्थापन झाली तीच मुळी १९२४ मध्ये, पॅरिसला.

प्रश्न : हत्तीवर मारा असताना किल्लेकोट करता येतो का? क्लबात रोज वाद होतो.
– दोन मित्र

उत्तर : येतो. राजाला शह असेल, राजा ज्या घरावरून जातो त्यावर मारा असेल, किंवा जिथे उतरतो तिथे शह बसत असेल तर येत नाही. हत्तीचं काहीही होवो. वजिराच्या बाजूला हत्ती बी१ वरून जातो, त्यावर मारा असला तरी हरकत नाही. राजा किंवा तो हत्ती आधी हललेला नसावा आणि मधली घरं मोकळी हवीत. आणि किल्लेकोट करताना हात आधी राजाला लावा, नाहीतर स्पर्धेत माझ्यासारखी पंच हत्तीचीच चाल खेळायला लावते.

प्रश्न : मुलीचं गणित कच्चं आहे आणि विसराळूपणा फार. बुद्धिबळाने स्मरणशक्ती वाढते म्हणतात. क्लासला घालू का?
– एक काळजीत पडलेली आई

उत्तर : खेळ आवडत असेल तर जरूर घाला. गणिताचं औषध म्हणून घालू नका.

१९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्याआधी नेदरलँड्सच्या आद्रिआन द ख्रूट यांनी ही वाट पाडली होती. खऱ्या डावातली पंचवीसेक मोहऱ्यांची जागा खेळाडूंना पाच सेकंद दाखवायची आणि मग आठवून मांडायला सांगायचं. मास्टरने पहिल्या फटक्यात सुमारे सोळा मोहरे बरोबर मांडले, नवशिक्याने चारेक. मग तेच मोहरे पटावर कसेही विखरून दाखवले, आणि मास्टरची स्मरणशक्ती गायब! तोही नवशिक्याइतकेच मांडू शकला. त्याला एकेक मोहरा आठवत नव्हता, ओळखीचे गट दिसत होते : किल्लेकोट केलेला राजा आणि त्याच्या पुढची तीन प्यादी, हे त्याला एकच चित्र.

म्हणजे बुद्धिबळाने वाढते ती बुद्धिबळाची स्मृती. वही कुठे ठेवली हे त्याने आठवत नाही. माझ्याकडे येणारी उत्तम खेळणारी मुलंसुद्धा स्वेटर, बाटल्या आणि कधी कधी पटही विसरून जातात. तुमच्या मुलीला मिळेल ते वेगळंच : तासभर एका जागी बसून, कुणीही न सांगता, आपला निर्णय आपण घेणं. ते तुम्हाला मोलाचं वाटत असेल तर घाला. आणि पहिल्याच महिन्यात स्पर्धेला नेऊ नका, क्लासवाले कितीही म्हणाले तरी.

प्रश्न : संगणक जगज्जेत्यालाही हरवतो, मग आपण शिकण्यात अर्थ काय? आणि त्याच्याकडून शिकायचं तर कसं?
– इंजिनिअरिंगचा विद्यार्थी

उत्तर : डीप ब्लू या संगणकाने जगज्जेत्या कास्पारोव्हला १९९७ मध्ये साडेतीन-अडीचने हरवलं. त्यानंतर खेळणं कुणी थांबवलेलं नाही, पहिल्या अर्ध्या प्रश्नाला एवढं उत्तर पुरे. दुसरा अर्धा चांगला आहे.

पुढून मोजायला गेलात तर हा खेळ हाती लागत नाही. पहिल्या खेळीला पांढऱ्याकडे वीस पर्याय, काळ्याकडे वीस, झाले ४०० मार्ग. पांढरा आणखी एक खेळला की ८,९०२, काळ्याने उत्तर दिलं की १,९७,२८१. अजून फक्त दोन-दोन खेळ्या झाल्यात! इंजिन (बुद्धिबळ खेळणारा संगणकाचा प्रोग्रॅम) कितीही वेगवान असलं तरी इथून मात होईपर्यंत सगळं मोजत जात नाही, अंदाजच बांधतं.

पण दुसऱ्या टोकाने हिशोब पूर्ण होतो. सगळ्या मातांच्या जागा आधी लिहायच्या, मग तिथे एका खेळीत नेणाऱ्या जागा, मग दोन खेळ्यांत, असं मागे मागे यायचं. या रीतीने सात मोहऱ्यांपर्यंतचे शेवट, दोन्ही राजे धरून, पूर्ण सुटले आहेत. तिथे यंत्र अंदाज करत नाही, त्याला उत्तर माहीतच असतं. त्यातल्या काही जागांत अचूक खेळलं तरी मात करायला पाचशेहून जास्त खेळ्या लागतात. ओपनिंगपासून सुरुवात करणाऱ्यांनी ध्यानात घ्या की यंत्राला बुद्धिबळाचा जेवढा भाग खात्रीने कळला आहे, तो शेवटाकडून मागे येतच कळला आहे.

शिकण्याची रीत अशी ठेव. डाव संपला की इंजिन लगेच उघडू नकोस. आधी वहीत लिही, डाव कुठे फिरला असं तुला वाटतं आणि तिथे तू काय विचार करत होतास. मग इंजिनला विचार. नुसता त्याचा आकडा बघशील तर चूक कळेल, पण ती करताना डोक्यात काय होतं ते कळणार नाही, आणि पुढच्या डावात तीच पुन्हा करशील.

प्रश्न : सोडवायला एखादं छोटं कोडं द्याल का?
– बऱ्याच वाचकांची मागणी

उत्तर : रिचर्ड रेटीचं देते, १९२१ चं. पांढरा राजा एच८ वर, पांढरं प्यादं सी६ वर. काळा राजा ए६ वर, काळं प्यादं एच५ वर. खेळी पांढऱ्याची, आणि त्याला बरोबरी साधायची आहे.

बघताक्षणी हरलेला डाव वाटतो. काळं प्यादं वजीर व्हायला धावतंय आणि पांढरा राजा दोन घरं मागे. स्वतःच्या प्याद्याला राखायला जावं तर तेही लांब, आणि काळा राजा त्याच्या अगदी जवळ. सरळ पाठलाग केलात तर हरलात. राजा तिरपा चालवा : जी७, प्यादं एच४, मग एफ६. आता तो एकाच वेळी दोन्ही प्याद्यांकडे चाललाय. काळा राजा बी६ ला आला तर ई५. तिथून काळ्याने सी६ चं प्यादं मारलं तर एफ४ आणि काळं प्यादं सापडलं. मारलं नाही आणि एच३ ढकललं तर डी६, आणि दोन्ही प्यादी वजीर होतात. एफ६ नंतर काळ्याने बी६ ऐवजी लगेच एच३ ढकललं तर पांढऱ्याने काय खेळायचं, ते तुम्ही शोधा. पट मांडून, इंजिन बंद ठेवून.